रविवारची बॅच आणि उद्याचा कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर यायच्या कितीतरी वर्षं आधी कॉम्प्युटरची थट्टा येऊन राहिली होती. ती आणली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. अण्णा फोर्टातल्या एका कंपनीत मोठ्या साहेबांचे स्टेनो होते. साहेब बोलायचे, अण्णा ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचे आणि मग टाइप करायचे. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. साहेबांच्या तोंडात दिवसभर वेलदोडा असायचा, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं त्या वेलदोड्यालाच कळायचं, असं अण्णा म्हणत. तरीही पत्र मात्र बरोबर टाइप व्हायचं. ह्या गोष्टीचा अण्णांना जेवढा अभिमान होता तेवढा माझ्या बारावीच्या मार्कांचाही नव्हता. खरं सांगायचं तर मार्क अभिमान वाटण्यासारखे नव्हतेच.

आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर आणि घरात जिथे नजर जाईल तिथे पाण्याने भरलेली भांडी. पिंप, कळश्या, दोन बादल्या, आईच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ, आणि पाहुणे आले की ज्याच्यावर पाट टाकून बसायला द्यायचो तो निळा ड्रम. पाणी एक दिवसाआड यायचं आणि त्याची वेळ कुणालाच ठाऊक नसायची. खालचा पंप सुरू झाला की इमारतीच्या भिंतीतून एक घरघर वर चढायची. ती ऐकू आली की आई हातातलं पीठ तसंच ठेवून उठायची. शेजारच्या जसुबेन त्याच क्षणी दार उघडून मला हाक मारायच्या, "वैजू, पाणी आव्युं! चलो, चलो!" आमच्या घरचं वेळापत्रक ह्या घरघरीवर चालायचं. भिंतीवरचं घड्याळ होतं ते नुसतं शोभेला.

संध्याकाळी अण्णा आले की जेवणं व्हायची. कुळथाची पिठी, भात, त्यावर सुकटीची चटणी, आणि आईचा हात सढळ असला तर बांगडा. आणि जेवताना चालायची ती अण्णांची परीक्षा. विद्यार्थी मी नव्हते, कॉम्प्युटर होता. कारण मी बी.कॉम.ला नाव घातल्याबरोबर गोडदेवला नाईक सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागले होते आणि रोज घरी येऊन त्याचं कौतुक सांगत होते. अण्णा भात कालवता कालवता विचारायचे, "तुझ्या कॉम्प्युटरला वेलदोड्यातून बोललेलं कळतं का?"

"अजून नाही. पण पुढे कळेल."

"साहेबांनी चुकीचं इंग्रजी सांगितलं तर तो ते गुपचूप सुधारतो का? साहेबांना न दुखवता?"

"पुढचा कॉम्प्युटर सुधारेल, अण्णा."

"बरं. साहेबांच्या सासूचं पत्र आलं तर ते कामाच्या ढिगात सगळ्यात खाली सरकवतो का?"

आई मध्येच म्हणायची, "ते सगळं जाऊ दे. पाणी कधी येणार ते सांगेल का तो? सांगणारा हवा, आणि खाली जाऊन त्या पंपवाल्याशी भांडणारा हवा. तसा निघाला की मला सांगा, मी त्याची पूजा घालते."

माझ्या प्रत्येक 'पुढे'वर दोघंही हसायचे. मी चिडायचे, आणि चिडले की आणखी मोठ्या थापा मारायचे. पुढचा कॉम्प्युटर वास घेईल. पुढचा कॉम्प्युटर दूध उतू जायच्या आत हाक मारेल. पुढचा कॉम्प्युटर माणसाच्या तोंडाकडे बघून ओळखेल की हा खोटं बोलतोय. ह्या शेवटच्या कल्पनेवर अण्णा म्हणाले होते, "मग आमच्या ऑफिसात तो एक दिवससुद्धा टिकायचा नाही."

क्लास होता गोडदेवच्या जुन्या गावठाणात, हिराबाय नावाच्या एका आगरी म्हातारीच्या घराच्या पुढच्या खोलीत. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मध्ये तिचं ते कौलारू बैठं घर, समोर अंगण, अंगणात शेवग्याचं झाड. खोलीत चार कॉम्प्युटर, खिडक्यांना जाड पडदे, आणि थंडी एवढी की मे महिन्यात मुली स्वेटर घेऊन यायच्या. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, खोकायचं नाही. नाईक सर कॉम्प्युटरला बाळंतिणीसारखं जपायचे. बाहेर ओट्यावर हिराबाय चपलांवर लक्ष ठेवून बसलेली असायची. तिने आयुष्य मिठागरात काढलं होतं. एकदा तिने मला थांबवून विचारलं, "गो पोरी, तुज्या त्या डब्याला मीठ कदी पिकंल त्ये कलतं काय?"

मी म्हटलं, "आत्ता नाही कळत, आजी."

"मंग काय उपेग न्हाय," असं म्हणून तिने तोंड फिरवलं. अण्णा आणि ती, दोघांची जात एकच होती असं मला तेव्हा वाटायचं. नव्या वस्तूला नावं ठेवणारी.

माझं डोकं त्या विषयात बरं चालत होतं. वर्षभरात सरांनी मला सकाळच्या मुलींना शिकवायला उभं केलं. आणि मग सरांचं लग्न जमवायचं सुरू झालं. दर रविवारी त्यांचे वडील त्यांना मुली दाखवायला कधी पेणला, कधी अलिबागला न्यायला लागले. त्यामुळे नोकरीवाल्यांची रविवारची नवी बॅचही माझ्याकडे आली. सरांनी घाईघाईत हजेरीपट माझ्या हातात दिला. सहा नावं होती. पाचवं होतं 'डी. एस. मांडवकर'. आमचंही आडनाव मांडवकर. पण मला काही वाटलं नाही. भाईंदरमध्ये अर्धी रत्नागिरी राहते, मांडवकर काय, दगड मारला तर एकाला लागेल.

त्या रविवारी सकाळी दहाला मी फळ्यावर तारीख लिहीत होते. मागे पडदा सरकला आणि पायपुसण्यावर कुणीतरी नीट, दोन्ही पाय, चार चार वेळा पुसले. ते पुसणं मी जन्मापासून ऐकत होते. मी वळले. दारात अण्णा. ऑफिसची पँट, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन, हातात घडी केलेला रुमाल. घरी ते सांगून निघाले होते की वाचनालयात जातोय.

आम्ही एकमेकांकडे किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. खोलीत बाकीचे पाच जण बसलेले. शेवटी अण्णांनी रुमाल खिशात घातला आणि शांतपणे म्हणाले, "नमस्कार, मॅडम. जरा उशीर झाला."

मी म्हटलं, "बसा. तिसऱ्या कॉम्प्युटरवर."

नंतर कळलं ते असं. त्यांनी महिन्यापूर्वीच नाव घातलं होतं आणि सरांना बजावलं होतं की मुलीला सांगू नका. पेणच्या आणि अलिबागच्या मुली बघण्याच्या नादात सर ते साफ विसरले. पण त्या दिवशी मला वाटलं, अण्णा आले आहेत ते थट्टेला नवा माल जमवायला. घरी परतल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, मीही नाही. आईला तर दोघांनीही काही सांगितलं नाही. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. मला वाटतं, वर्गात बापाला 'बसा' म्हणणं जमून गेलं होतं, पण त्याबद्दल घरात बोलणं जमण्यातलं नव्हतं.

विद्यार्थी म्हणून अण्णा म्हणजे एक संकट होतं. त्यांची बोटं एवढी वेगाने चालायची की कॉम्प्युटरचा पडदा मागे पडायचा, पण ती बोटं टाइपरायटरची. प्रत्येक अक्षर ते असं हाणायचे की खाली चार कार्बन कॉप्या निघाल्या पाहिजेत. टेबल हलायचं, शेजारचे गुप्ताजी आपला कॉम्प्युटर दोन्ही हातांनी धरून बसायचे. आणि ओळ संपली की अण्णांचा डावा हात आपोआप वर उठायचा आणि टाइपरायटरचा ओळ बदलायचा दांडा सरकवल्यासारखा हवेत झपकन फिरायचा. पहिल्याच रविवारी त्यांनी गुप्ताजींचा चष्मा पाडला. गुप्ताजी म्हणाले, "अरे भाईसाब, गाडी रिव्हर्स ले रहे हो क्या?" वर्ग हसला. मीही हसले. अण्णांनी चष्मा उचलून, पुसून परत दिला आणि पुढची ओळ सुरू केली. ती संपली की हात पुन्हा वर.

मी म्हणायचे, "मांडवकर, हात खाली. ओळ आपली आपण संपते."

"हो, मॅडम. पण संपल्याचं कळत नाही ना. घंटी नाही वाजत."

माऊस तर त्यांनी पहिल्यांदा हातात धरला तो औषधाची बाटली धरावी तसा, उचलून. फाइल साठवायची म्हटलं की विचारायचे, "साठवली म्हणजे नक्की कुठे ठेवली? कपाट कुठलं?" मी उत्तर द्यायचे ते जरा तोऱ्यात. एकोणीस वर्षांची होते मी. ज्या माणसाने मला बाराखडी शिकवताना हातावर छड्या मारल्या होत्या त्याला 'हळू, हळू, घाई करू नका' असं सांगण्यात काय मजा आहे, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. त्या मजेपोटी माझ्या लक्षातच आलं नाही की घरची परीक्षा हळूहळू बंद पडत चाललीये. आता अण्णा जेवताना गप्प असायचे. आई विचारायची, "आज नाही वाटतं कॉम्प्युटरला काही विचारायचं?" तर म्हणायचे, "भात वाढ."

क्लासला दोन वर्षं झाली तेव्हा सरांनी एका रविवारी संध्याकाळी हिराबायच्या अंगणात कार्यक्रम ठेवला. शेवग्याखाली सतरंज्या, दहा-बारा खुर्च्या, एक कर्कश माईक, वडापाव आणि पेढे. सरांचं एव्हाना पेणला जमलं होतं, पेढे त्याचेही होते. कार्यक्रमाचा विषय होता 'उद्याचा कॉम्प्युटर'. ज्याला वाटेल त्याने पाच मिनिटं बोलायचं. एक मुलगा म्हणाला, कॉम्प्युटर ऑपरेशन करेल. गुप्ताजी म्हणाले, उनका कम्प्यूटर दुकान पे बैठेगा और वो खुद गाँव जाके सोएँगे. मग माझं नाव पुकारलं.

मी त्या भाषणाची आठ दिवस तयारी केली होती. सगळ्यांच्या इच्छा चोरून त्यात घातल्या होत्या. पाण्याची वेळ सांगून पंपवाल्याशी भांडणारा कॉम्प्युटर आला, लोक हसले. दूध उतू जाताना हाक मारणारा आला, बायका हसल्या. मीठ पिकल्याचं कळणारा आला, तेव्हा ओट्यावरून हिराबाय ओरडली, "बगा, माजं नाव घ्यतंय!" आणि मग तर टाळ्याच. माईकमधून आपला आवाज मोठा होऊन आपल्यालाच ऐकू येतो तेव्हा माणूस शहाणा राहत नाही. मी म्हटलं, आता सगळ्यात मोठी गोष्ट. उद्याच्या कॉम्प्युटरला कान असतील. तुम्ही नुसतं बोलायचं, तो लिहील. कितीही भरभर बोला, कसंही बोला. मग त्या शॉर्टहँडच्या वेड्यावाकड्या रेघोट्या नकोत, ती खडखडणारी मशीनं नकोत, आणि साहेबासमोर वही धरून बसणारा स्टेनो तर नकोच नको! एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी मान खाली घालून, एक खांदा पाडून, हवेतल्या वहीवर भराभर पेन्सिल चालवत, "येस सर, येस सर, येस सर," अशी नक्कलही करून दाखवली.

ती नक्कल कुणाची होती हे मला करता करता कळलं.

अंगणात हशा उसळला. गुप्ताजी तर खुर्चीत मागे रेलून हसत होते. मी अण्णांकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर ते बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. नीट, एकसारख्या, बाकीच्यांच्या थांबल्या तरी दोन जास्त. त्यांनी टाळ्या वाजवल्या नसत्या तर बरं झालं असतं.

(हे सगळं मी आज फोनला सांगून लिहून घेतेय. बोलते आणि तो लिहितो. माझं ते भाषण अगदी अक्षरशः खरं ठरलंय, आणि त्याचा मला म्हणावा तेवढा आनंद नाही. तो गोडदेव हे 'गोड देव' असं लिहितो, आणि हिराबायचं बोलणं त्याला सुधारून शुद्ध करायचं असतं. मी ते पुन्हा अशुद्ध करत बसते.)

मी खाली उतरले. सर माईकवर विचारत होते, अजून कुणी? तेव्हा अण्णा उठले. त्यांनी माईक हातात घेतला नाही, त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले, साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहत असतील तसे.

"मी मांडवकर," ते म्हणाले. "रविवारच्या बॅचचा. धंद्याने स्टेनो."

लोकांना वाटलं आता मजा येणार. दोघं-तिघं हसलेही.

"मॅडम बोलल्या ते बरोबर आहे. कान येतील. यायलाच पाहिजेत. फक्त कान आले म्हणजे काम झालं असं नाही, म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या साहेबांचा एक शिपाई आहे. एकदा तो दुपारी फायलींच्या खोलीत झोपलेला सापडला. साहेब भडकले. मला बोलावलं, पत्र सांगितलं. आजपासून कामावरून कमी. मी लिहून घेतलं. साहेब म्हणाले, आत्ता टाइप करून आण. मी मशीनवर जाऊन बसलो. दहा मिनिटांनी साहेबांनी विचारलं, झालं? मी म्हटलं, सर, रिबन अडकलीय."

ते थांबले.

"रिबनला काही झालेलं नव्हतं. जेवणानंतर परत विचारलं. मी म्हटलं, अजून अडकलेलीच आहे. चारला साहेबांनी चहा घेतला आणि मला म्हणाले, मांडवकर, ते पत्र राहू दे. त्याच्या घरी कुणीतरी आजारी आहे वाटतं. तो शिपाई अजून नोकरीला आहे. सव्वीस वर्षांत माझी रिबन अशी सात-आठ वेळा अडकली. कंपनीने दोनदा मशीन बदललं. नव्या मशीनचीही अडकली."

आता लोक हसले, पण आधीच्यासारखे नाही. सर तोंडावर हात धरून उभे होते.

"एकदा मात्र नाही अडकली," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला, माईकलाही तो नीट मिळाला नाही. "गोदामातला एक माणूस होता. साहेबांनी असंच रागात पत्र सांगितलं. मी पाच मिनिटांत टाइप करून सही घेतली. मला लवकर निघायचं होतं. घरी पाणी यायचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, ते पत्र गेलं का? मी म्हटलं, गेलं. साहेब काही बोलले नाहीत. मीही नाही. तो माणूस मला एकदा मशीद बंदरला दिसला. मी रस्ता बदलला."

शेवग्याच्या शेंगा वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या.

"तेव्हा उद्याचा कॉम्प्युटर करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. त्याला कान द्या, डोळे द्या, वास घेऊ द्या. पण कधी अडकायचं ते त्याला शिकवा. ते मला सव्वीस वर्षांतही पूर्ण जमलेलं नाही. एवढंच. आणि आमच्या साहेबांना हे कुणी सांगू नका."

ते जागेवर जाऊन बसले. टाळ्या यायला वेळ लागला, कारण सुरुवात कुणी करायची हे कुणाला कळेना. शेवटी ती ओट्यावरून आली. हिराबाय टाळ्या वाजवत उठली आणि सरांना म्हणाली, "ए मास्तर, त्या मानसाला पैला पेडा दे. दुसरं कोन बोललंच न्हाय आज."

दुसरं कोण म्हणजे मी. आणि मला ते मान्य होतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही पहिल्यांदाच एकत्र बाहेर पडलो. एरवी अण्णा आधी निघायचे आणि मी दहा मिनिटांनी, गल्लीने वळसा घालून. गोडदेव नाक्यापर्यंत आलो. भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून वाट काढत ते पुढे, मी मागे. मग मी म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"ती नक्कल."

"नक्कल छान होती. खांदा बरोबर पाडलास. डावाच पडतो माझा." ते जरा चालले आणि म्हणाले, "बोललीस ते खोटं असतं तर मला राग आला असता."

मी म्हटलं, "तुम्ही थट्टा करायलाच क्लासला येता असं मला वाटत होतं."

अण्णा थांबले. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याची घुंगरं वाजत होती. त्यांनी दोन ग्लास सांगितले, आणि ते येईपर्यंत रस्त्याकडे बघत म्हणाले, "वैजू, ऑफिसात कॉम्प्युटर आलाय. साहेबांच्या केबिनबाहेर, माझ्या टेबलावर. मशीन उचलून नेलं. परवाच्या मंगळवारी आम्हा चौघांची परीक्षा आहे. पास होईल तो आपल्या टेबलावर राहील. नापास होईल तो तळमजल्यावर, पाकिटांना तिकिटं लावायला. रोज रात्री झोपताना डोळे मिटले की त्या पडद्याच्या चौकोनात अक्षरं पळतायत असं वाटतं. मला भीती वाटते गं."

माझ्या वडिलांना भीती वाटते हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. इमारतीत साप निघाला तेव्हा नाही, आजोबा गेले तेव्हा नाही. रसाचा ग्लास हातात घेऊन मी उभी राहिले आणि एवढे रविवार मी ह्या माणसाला तोऱ्यात 'हात खाली' म्हणत होते ते सगळं मला एकामागून एक आठवलं. तो हात का वर जायचा आणि खाली आणायला त्याला किती जड जात होतं, ते मी विचारलंच नव्हतं.

घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, निदान कौतुक तरी करेल. ती भडकली. पण क्लासचं लपवलं म्हणून नाही. "म्हणजे एवढे रविवार मी एकटी तिसऱ्या मजल्यावर पाणी भरतेय, आणि बाप-लेक दोघं थंड खोलीत बसलेत? वाचनालय म्हणे!" त्या संध्याकाळी आम्हाला दोघांना नुसता वरण-भात मिळाला. चटणी मागायची कुणाची छाती झाली नाही.

सोमवारी कंपनीला कसलीशी सुट्टी होती. सरांनी खोलीची किल्ली दिली आणि मी सकाळपासून अण्णांना घेऊन बसले. ह्या वेळी मी त्यांना मॅडमसारखं शिकवलं नाही. मी म्हटलं, तुम्ही साहेबांचं पत्र कसं करता ते मला आधी सांगा. त्यांनी सांगितलं: आधी तारीख, मग नाव, मग मजकूर मनात एकदा वाचायचा, मग हात लावायचा. आम्ही कॉम्प्युटरला त्याच क्रमाने चालवलं. 'साठवणं' मी त्यांना असं सांगितलं की ही तुमची फाइलची दोरी, उठायच्या आधी बांधायची. ते लगेच कळलं त्यांना. मला ते इतके रविवार का सुचलं नाही, कोण जाणे. हिराबाय दुपारी दारात येऊन डोकावली, म्हणाली, "जेवले का न्हाय दोगं?" आणि केळीच्या पानावर तांदळाची भाकरी आणि जवळा ठेवून गेली. त्या खोलीत खायला सक्त मनाई होती. आम्ही कॉम्प्युटरकडे पाठ करून खाल्लं.

मंगळवारी अण्णा रोजच्या वेळेला गेले. मी कॉलेजला गेलेच नाही. संध्याकाळी जिन्यात त्यांची पावलं ऐकू आली तेव्हा आई पोळी लाटत होती, तिने लाटणं तसंच धरून ठेवलं. अण्णा आत आले, पाय पुसले, खुर्चीत बसले. म्हणाले, "चौघांत दुसरा आलो."

"दुसरा म्हणजे?" आईने विचारलं. "पास की नापास?"

"पास. दोघांना ठेवलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पहिली आमच्या ऑफिसातली एक नवीन मुलगी आली. तिचे हात खालीच राहतात."

आई पोळी टाकायला वळली, आणि तव्याकडे तोंड करून बराच वेळ उगाचच चिमटा आपटत राहिली.

अण्णा त्या टेबलावर निवृत्त होईपर्यंत, आणखी आठ वर्षं राहिले. कॉम्प्युटरवर काही अडकतं का, असं मी त्यांना नंतर एकदा विचारलं. ते म्हणाले, "रिबनपेक्षा जास्त. आणि साहेबांना त्यातलं काही कळत नाही, ते बरं आहे." मी पुढे शिकवतच राहिले. भाईंदरला, मग मीरा रोडला, मग हाटकेशला एका संस्थेत. इतक्या वर्षांत हजारो मुलांना, बायकांना, निवृत्त माणसांना मी फाइल साठवायला शिकवली असेल. आता वर्ग घेत नाही, पण अधूनमधून कुणीतरी बोलायला बोलावतं. बोलून झालं की पहिल्या रांगेतला कुणीतरी हमखास विचारतो, मॅडम, आता ह्यापुढे कॉम्प्युटर काय काय करायला लागेल? ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अजूनही फार आवडतं, डोक्यात एका दमात दहा गोष्टी येतात. पण बोलायच्या आधी मी चष्मा पुसते, आणि खोलीत कोण कोण बसलंय ते शेवटच्या खुर्चीपर्यंत एकदा बघून घेते.